तिथी ठरलेला अतिथी

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, अशी या शब्दाची फोड आपल्याकडे परंपरेने केली जाते. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या जगात मात्र असा एक अतिथी आहे, की ज्याच्या येण्याचीच नव्हे, तर जाण्याचीही तिथी बरीच आधी करारात लिहिलेली असते. हा अतिथी म्हणजे पाहुणा वाद्यवृंद-संचालक. 'कंडक्टर' या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे एस.टी.तला तिकीट देणारा उभा राहतो, म्हणून येथे आम्ही 'संचालक' हाच शब्द वापरणार आहोत. हा पाहुणा सोमवारी शहरात येतो, तीन-चार तालमी घेतो, आठवड्याअखेर मैफल करतो आणि पुढच्या गावी जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमानप्रवास सुलभ झाल्यावर तर ही चाल संगीतजगताची रीतच बनली.

या पाहुण्याने व्यावसायिक वाद्यवृंदापुढे उभे राहणे आणि विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदापुढे उभे राहणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतील दुसऱ्या गोष्टीचा इतिहास आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. थोड्या दिवसांत काय शिकवता येते, आणि शिकवणारा निघून गेल्यावर त्यातले काय उरते, हा प्रश्न त्या इतिहासाच्या मुळाशी आहे. आणि तो केवळ संगीताचा प्रश्न नाही.

आधी वाद्यवृंदाच्या रचनेतील एक साधी गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. शंभर वादक बसलेले असतात आणि प्रत्येकाच्या पुढ्यात कागद असतो. परंतु त्या कागदावर फक्त त्याच्याच वाद्याचे स्वर असतात. क्लॅरिनेटवाल्याला व्हायोलिनने काय वाजवायचे आहे ते दिसत नाही. त्याच्या कागदावर केवळ तितक्या मात्रा विराम एवढीच नोंद असते. संपूर्ण संहिता एकट्या संचालकापुढे उघडी असते. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांत नटाला संपूर्ण नाटक देत नसत. त्याच्या भाषणांची आणि आधीच्या पात्राच्या शेवटच्या चार शब्दांची 'नक्कल' तेवढी उतरवून देत. नाटक काय आहे हे त्याला तालमीतच उमगे. वाद्यवृंदातील प्रत्येक वादक हा असा नकलेवर जगणारा नट आहे, आणि ज्याच्या हाती संहिता आहे तो एकच माणूस स्वतः एकही स्वर वाजवत नाही.

व्यावसायिक वादकाला ही अडचण जाणवत नाही, कारण बीथोव्हनची सिंफनी त्याने पन्नास वेळा वाजवलेली असते. इतरांच्या नकला त्याला ऐकून ऐकून पाठ झालेल्या असतात. तेथे पाहुण्याची गाठ पडते ती सवयीशी. त्याला लय थोडी बदलायची असते, कोठे स्वर अधिक लांबवायचा असतो, आणि वादकांच्या हातांत मुरलेल्या आदल्या संचालकांच्या आठवणी त्याला आडव्या येतात. विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदात आठवणच नसते. अठरा-वीस वर्षांची मुले ती कृती पहिल्यांदाच वाजवत असतात. तेथे पाहुण्याची गाठ कोऱ्या कागदाशी पडते असे म्हणण्याचा मोह होतो. पण तेही खरे नव्हे. या मुलांनी आपापली नक्कल घोटून घोटून बिनचूक केलेली असते, कारण निवडचाचणीत तीच विचारलेली असते. लहानपणापासूनची त्यांची सारी साधना एकट्याने, बंद खोलीत, स्वतःचाच आवाज ऐकत झालेली असते. त्यांना ठाऊक नसते ते शेजाऱ्याचे वादन. पाहुण्याने त्यांना काही द्यावयाचे असेल तर ते हेच: दुसऱ्याची नक्कल ऐकण्याचा कान.

या कामाला एका घराचे रूप आले ते १९४० च्या उन्हाळ्यात. बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालक सर्ज कुसेवित्स्की यांनी मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम भागात, टँगलवुड येथे, तरुण संगीतकारांसाठी उन्हाळी विद्यापीठ सुरू केले. कुसेवित्स्की मूळचे रशियातील, आणि वादक म्हणून डबल बासचे. मोठा व्यावसायिक वाद्यवृंद आणि विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद यांनी एकाच आवारात राहावे. सकाळी ज्याच्याकडून शिकायचे त्याचेच वादन संध्याकाळी ऐकावे, अशी ही योजना होती. पहिल्याच वर्षीच्या संचालनवर्गात लेनर्ड बर्नस्टाइन नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्या जुलैत त्याने विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाकडून रँडल थॉम्प्सन यांची दुसरी सिंफनी वाजवून घेतली. पुढे तीन वर्षांनी, १४ नोव्हेंबर १९४३ रोजी, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे पाहुणे संचालक ब्रूनो वॉल्टर आजारी पडले आणि हाच तरुण तालमीशिवाय मैफलीला उभा राहून एका दिवसात देशभर प्रसिद्ध झाला. एका पाहुण्याच्या अनुपस्थितीने त्याला घडवले, असेच म्हणावे लागेल.

टँगलवुडमध्ये विद्यार्थ्यांचे काम केवळ सरावापुरते नव्हते. बेंजामिन ब्रिटन यांचा 'पीटर ग्राइम्स' हा ऑपेरा कुसेवित्स्की यांनी स्थापन केलेल्या निधीच्या आमंत्रणावरून लिहिला गेला. लंडनमध्ये तो १९४५ मध्ये रंगभूमीवर आला, आणि अमेरिकेतील त्याचा पहिला प्रयोग ऑगस्ट १९४६ मध्ये टँगलवुडच्या विद्यार्थ्यांनी बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली केला. ज्या कृतीची अमेरिकेत कोणतीही पूर्वस्मृती नव्हती ती विद्यार्थ्यांच्या हाती सोपवण्यामागे एक समज होती. नव्या कृतीपुढे जाणता वादक आणि विद्यार्थी हे सारखेच नवशिके असतात. सवय नसणे हे तेथे उणेपण ठरत नाही.

आता आपण युरोपात, व्हिएन्नाला जाऊ. १९५४ मध्ये अठरा वर्षांचा एक पारशी मुलगा मुंबईहून तेथे शिकायला आला. त्याचे नाव झुबीन मेहता. त्याचे वडील मेहली मेहता हे व्हायोलिनवादक. १९३५ मध्ये त्यांनी मुंबईत बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, आणि मुलाचे बालपण त्याच्याच तालमींत गेले होते. व्हिएन्नात झुबीन हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालन शिकू लागला आणि त्याच्या जोडीला डबल बासही. तेथे त्याचा मिलानच्या क्लाउडिओ आबादो या सहाध्यायाशी स्नेह जडला. मोठ्या संचालकांच्या तालमी बाहेरच्यांना पाहू देत नसत. तेव्हा या दोघांनी एक युक्ती केली: ते म्युझिकफेराइनच्या गायकवृंदात खर्जात गाणारे म्हणून दाखल झाले. ब्रूनो वॉल्टर आणि कारायान यांच्यासारख्यांचे काम त्यांनी असे आतून, आपली खर्जाची ओळ हाती धरून पाहिले. पुढे ज्यांच्यापुढे संपूर्ण संहिता उघडी राहायची होती त्या दोघांनी ती आधी नकलेच्या बाजूने वाचली, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते.

१९५६ मध्ये हंगेरीतील उठाव चिरडला गेला आणि हजारो निर्वासित सीमा ओलांडून ऑस्ट्रियात आले. वीस वर्षांच्या झुबीन मेहतांनी सहाध्यायांचा एक वाद्यवृंद घाईघाईने जमवला आणि व्हिएन्नाबाहेरच्या निर्वासित छावणीत मैफल केली. तेथे ना करार होता, ना मानधन. पाहुणे कोणाला म्हणावे आणि यजमान कोणाला, हेही सांगणे कठीण. पुढच्या काळात मेहतांनी जगातील बहुतेक नामांकित वाद्यवृंदांचे संचालन केले. परंतु त्यांच्या चरित्राचा आरंभ विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना जमवून केलेल्या या मैफलीपासून करावयास हवा, असे आमचे मत आहे. १९५८ च्या उन्हाळ्यात आबादो आणि मेहता दोघेही टँगलवुडला गेले. तेथे कुसेवित्स्की यांच्या नावाचे पारितोषिक आबादोंना मिळाले आणि मेहता दुसरे आले.

आबादोंनी पुढे या कामाला युरोपात जे वळण दिले ते या इतिहासाचे मध्यवर्ती प्रकरण होय. युरोपीय समुदायाचा युवा वाद्यवृंद १९७६ मध्ये स्थापन झाला आणि १९७८ मध्ये पहिल्या दौऱ्यावर निघाला. त्याचे संगीत-दिग्दर्शक आबादो होते. समुदायाच्या तेव्हाच्या नऊ देशांतून निवडलेली मुले काही आठवडे एकत्र राहत, शिकत, दौरा करीत आणि पांगत. १९८६ मध्ये आबादोंनी व्हिएन्नात गुस्ताफ मालर यांच्या नावाने दुसरा युवा वाद्यवृंद उभा केला. त्यात ऑस्ट्रियन मुलांच्या शेजारी चेकोस्लोव्हाकिया आणि हंगेरीची मुले बसत. बर्लिनची भिंत पडायला तेव्हा आणखी तीन वर्षे होती.

आबादो तालमीत फार कमी बोलत. एकमेकांना ऐका, हीच त्यांची नेहमीची सूचना असे, असे त्यांच्या हाताखाली वाजवलेल्या अनेकांनी सांगितले आहे. या एका सूचनेचा परिणाम पाहण्याजोगा आहे. युरोपीय युवा वाद्यवृंदातून वयोमर्यादेमुळे बाहेर पडलेल्या वादकांना पांगणे नकोसे झाले. त्यांनी १९८१ मध्ये 'चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोप' स्थापन केला आणि कायमचा संचालक न नेमता कारभार स्वतःच्या हाती ठेवला. मालर युवा वाद्यवृंदातील वादकांनी १९९७ मध्ये तसेच केले, आणि 'मालर चेंबर ऑर्केस्ट्रा' जन्मास आला. २००३ मध्ये आबादोंनी लुत्सर्नच्या महोत्सवासाठी वाद्यवृंद उभारला तेव्हा त्याचा कणा याच वादकांचा होता. संचालकाने विद्यार्थ्यांना ऐकायला शिकवले, आणि ऐकू लागलेल्या विद्यार्थ्यांना कायमच्या संचालकाची गरज उरली नाही. एखाद्या शिक्षकाला याहून मोठे यश कोणते मिळावे? आणि संचालक या पदाच्या परंपरागत दराऱ्याला याहून सौम्य उत्तर तरी कोणते?

या युवा वाद्यवृंदांकडे इतर पाहुणेही येत. ऑगस्ट १९८५ मध्ये बर्नस्टाइन युरोपीय युवा वाद्यवृंदाला घेऊन अथेन्स, हिरोशिमा, बुडापेस्ट आणि व्हिएन्ना अशा शांतियात्रेवर निघाले. हिरोशिमावरील बॉम्बला त्या वर्षी ४० वर्षे पूर्ण होत होती. ज्या देशाने बॉम्ब टाकला त्या देशाचा संचालक, दुसऱ्या महायुद्धात एकमेकांशी लढलेल्या देशांची मुले, आणि मृतांसाठीच्या यहुदी प्रार्थनेवर आधारलेली त्यांची स्वतःची 'कॅडिश' सिंफनी. एखाद्या राष्ट्रीय वाद्यवृंदाने हेच केले असते तर त्याला राजनैतिक सोहळ्याचे रूप आले असते. ज्यांचा जन्मच युद्धानंतरचा, अशा मुलांनी ते केल्यामुळे त्याचे मोल निराळे झाले.

बर्नस्टाइन यांची रीत आबादोंच्या अगदी उलट. ते भरपूर बोलत. १९८७ मध्ये उत्तर जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन महोत्सवाने साल्झाऊच्या जुन्या वाड्यात युवा वाद्यवृंदाची अकादमी सुरू केली, तेव्हा बर्नस्टाइन तेथे होते. स्ट्राव्हिन्स्की यांच्या 'वसंताचा विधी' या कृतीची तेथील तालीम चित्रफितीवर उपलब्ध आहे, आणि साहित्याच्या शिक्षकांनीही ती पाहावी अशी आहे. ही कृती वादकांची परीक्षा पाहणारी: जवळजवळ प्रत्येक ओळीला तालाच्या मात्रा बदलतात, मोजता मोजता मुले मेटाकुटीला येतात. बर्नस्टाइन मोजून घेतात, नाही असे नाही. पण मध्येच थांबून गातात, अंगाने करून दाखवतात, हे संगीत कशातून उगवले आहे ते सांगत राहतात. वर्गात वृत्ताच्या मात्रा मोजून झाल्यावर पुस्तक मिटून कवितेविषयी बोलू लागणारा शिक्षक ज्यांना लाभला आहे, त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. आबादो न बोलता मुलांचे कान शेजाऱ्याकडे वळवत. बर्नस्टाइन बोलून बोलून तेच कान कृतीच्या अर्थाकडे वळवत. दोन्ही वाटा प्रत्येकाच्या पुढ्यातल्या त्या एकाकी कागदाच्या पलीकडे नेणाऱ्या.

१९९० च्या उन्हाळ्यात बर्नस्टाइन जपानमधील सप्पोरोला गेले. पॅसिफिक संगीत महोत्सव मुळात बीजिंगमध्ये व्हायचा होता; १९८९ च्या जूनमधील तिएनआनमेन चौकातील हत्याकांडानंतर तो सप्पोरोला हलवण्यात आला. बर्नस्टाइन तेव्हा आजारी होते. उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी सांगितले, की उरलेली शक्ती आणि उरलेला काळ शिकवण्यासाठी वेचायचे त्यांनी ठरवले आहे. तेथील विद्यार्थ्यांकडून त्यांनी शुमान यांची दुसरी सिंफनी बसवून घेतली. १४ ऑगस्टला ते टँगलवुडमध्ये, पन्नास वर्षांपूर्वी जेथे विद्यार्थी म्हणून उभे राहिले होते तेथे, विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदापुढे उभे राहिले. कृती होती ॲरन कोपलंड यांची तिसरी सिंफनी. कोपलंड हे टँगलवुडचे पहिल्या वर्षापासूनचे शिक्षक, आणि ती सिंफनी कुसेवित्स्की यांनीच लिहवून घेतलेली. पाच दिवसांनी, १९ ऑगस्टला, बोस्टन सिंफनीबरोबर त्यांची अखेरची मैफल झाली. तीत 'पीटर ग्राइम्स'मधील सागराची चार चित्रे होती, आणि बीथोव्हनच्या सातव्या सिंफनीच्या वेळी खोकल्याची अशी उबळ आली की त्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागला. विद्यार्थ्यांच्या त्या वाद्यवृंदाला घेऊन ते युरोपच्या दौऱ्यावर निघणार होते. तो दौरा रद्द झाला. १४ ऑक्टोबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

येथवर आम्ही पाहुण्यांची बाजू सांगितली. ती सांगताना एक अन्याय आपसूक घडतो, आणि तो दुरुस्त केल्याशिवाय हा लेख संपवणे योग्य होणार नाही.

पाहुणा येण्यापूर्वी मुलांच्या गटवार तालमी झालेल्या असतात. व्हायोलिनच्या गटाने गज वर कोठे न्यायचा आणि खाली कोठे, हे कोणीतरी ठरवून कागदावर पेन्सिलीने लिहिलेले असते. ट्रम्पेटवाल्यांचा अवघड उतारा कोणीतरी दहा वेळा सावकाश म्हणवून घेतलेला असतो. हे 'कोणीतरी' म्हणजे बहुधा व्यावसायिक वाद्यवृंदांतील जाणते वादक. मैफलीच्या जाहिरातीत त्यांचे नाव नसते, आणि चित्रफितीतही ते फारसे दिसत नाहीत. पाहुण्याच्या हाती येतो तो शिजलेला भात. त्यावर तूप वाढणे हे काम लहान नाही. पण भात कोणी शिजवला हे विसरू नये.

या न दिसणाऱ्या कामाचे एक मोठे उदाहरण पुन्हा मेहता घराण्यातच सापडते. मेहली मेहता १९४५ मध्ये व्हायोलिनच्या पुढील शिक्षणासाठी न्यूयॉर्कला इव्हान गालामियन यांच्याकडे गेले होते. १९५५ नंतर त्यांनी मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात काही वर्षे वाजवले, मग ते अमेरिकेत गेले, आणि १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला स्थायिक झाले. त्याच वर्षी त्यांनी तेथे 'अमेरिकन यूथ सिंफनी' हा तरुणांचा वाद्यवृंद स्थापन केला आणि १९९८ पर्यंत, म्हणजे वयाच्या नव्वदीपर्यंत, तो चालवला. मैफली बहुतेक विनामूल्य असत. त्याच शहरात १९६२ पासून १९७८ पर्यंत त्यांचे चिरंजीव लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संचालक होते. मुलगा जगभर पाहुणा म्हणून हिंडत होता. वडील एका ठिकाणी राहून दरवर्षी नव्या मुलांना तेच ते पुन्हा पहिल्यापासून शिकवीत होते. पुढे झुबीन मेहतांनी वडिलांच्या त्या वाद्यवृंदाचेही पाहुणे म्हणून संचालन केले. पाहुण्याला जे घर लागते ते राखणारा कोण असतो, हे त्या एका मैफलीत जितके स्पष्ट दिसले असेल तितके क्वचितच कोठे दिसले असावे.

आपल्या संगीतपरंपरेत गुरूकडे वर्षानुवर्षे राहून शिकण्याला मान आहे. त्या चष्म्यातून पाहिले तर दहा दिवसांचा पाहुणा हा गुरू ठरतच नाही. तो गुरू नसतोही. त्याचे काम वेगळे: मुलांनी वर्षानुवर्षे जे एकट्याने घोटले ते एकत्रितपणे काय आहे, हे त्यांना एकदा ऐकवणे. ते घोटून घेणारा कोणी नसेल तर पाहुण्याला ऐकवण्याजोगे काही उरत नाही. आणि पाहुणा कधी आलाच नाही, तर घोटणारा आपल्या नकलेतच आयुष्य काढतो. मेहली मेहतांचे काम आणि बर्नस्टाइन यांचे काम यांत थोरले-धाकटे ठरवणे म्हणूनच आम्हांला गैर वाटते. फरक आहे तो इतकाच, की एकाची आठवण जग आपण होऊन ठेवते आणि दुसऱ्याची मुद्दाम ठेवावी लागते.

२०२४ मध्ये 'अमेरिकन यूथ सिंफनी' पैशांच्या अडचणीमुळे बंद झाला. साठ वर्षे उघडे असलेले घर मिटले. त्याचे अनेक जुने विद्यार्थी वेगवेगळ्या वाद्यवृंदांत वाजवत आहेत. त्यांच्या पुढ्यातही एकाच वाद्याचा कागद असतो, आणि त्यावर कोठे विराम आहे तेवढेच लिहिलेले असते. त्या विरामात दुसरे काय वाजते आहे हे ऐकायला त्यांना कोणीतरी एकदा, कोणत्या तरी उन्हाळ्यात, शिकवलेले आहे. पाहुणे येत राहतील. त्यांच्या तिथी पुढल्या दोन वर्षांच्या आजच ठरलेल्या आहेत. त्यांना उतरायला अशी घरे किती उरतात, याची चिंता मात्र करावयास हवी.